पॉप पंकचे व्हिडिओ: गॅरेज, लॉकर आणि कंटाळा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्रीन डे, ब्लिंक-१८२, सम ४१, एव्हरिल लव्हीन ही नावं काहींनी कॉलेजात असताना केबलवर पाहिली, काहींना ती आत्ता रील्समधून सापडताहेत. दोन्ही पिढ्यांचे प्रश्न मात्र बरेचसे सारखेच असतात: सगळे उड्या का मारतात, सगळ्यांच्या गळ्यात टाय का, आणि हे घर मी आधी कुठेतरी पाहिलंय का? अशा प्रश्नांची ही उत्तरं.

पॉप पंक म्हणजे काय, थोडक्यात?

पंकचा वेग, तीन-चार कॉर्ड्स, आणि वर अंघोळ करताना गुणगुणता येईल अशी चाल. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॅमोन्सनी हा मसाला तयार केला. पण ज्या व्हिडिओंबद्दल आपण बोलणार आहोत, त्यांचं माहेर कॅलिफोर्निया. ग्रीन डेचा 'डूकी' हा अल्बम १ फेब्रुवारी १९९४ ला आला. तिथपासून २००७ च्या आसपासपर्यंत या व्हिडिओंची सुगी होती. १९९८ ते २००८ या काळात एमटीव्हीवर 'टोटल रिक्वेस्ट लाइव्ह' चालायचं. प्रेक्षकांच्या मतांवर रोज क्रमवारी ठरायची आणि पॉप पंकच्या पोरांना तिथे बॉय बँड्सशी, म्हणजे नाचत गाणाऱ्या गोंडस पोरांच्या गटांशी, टक्कर घ्यावी लागायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे सगळे व्हिडिओ एकाच गल्लीत काढल्यासारखे का दिसतात?

कारण गल्ल्याच एकसारख्या असतात. इथे एक शब्द आपल्याला चकवतो. 'सबर्ब' म्हटलं की आपण 'उपनगर' म्हणतो आणि डोळ्यांसमोर बोरिवली नाहीतर डोंबिवली येते: स्टेशन, रिक्षांची रांग, आपल्या खिडकीतून दिसणारी शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे. अमेरिकन सबर्ब याच्या नेमका उलट. एका साच्यातून काढलेली घरं, समोर कापलेली हिरवळ, बाजूला दोन गाड्यांचं गॅरेज आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. नाका नाही, टपरी नाही, कट्टा नाही. दुकान पायी जाण्याच्या अंतरावर नाही आणि सोळावं लागेपर्यंत गाडीचं लायसन्स नाही. घरात सगळं आहे, बाहेर काही नाही. मग शाळा सुटल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत करायचं काय?

पॉप पंकची जवळजवळ सगळी दृश्यं या एका प्रश्नातून निघतात. गॅरेज, मॉल, गाड्यांचं मोकळं पार्किंग, शाळेचा मधला पॅसेज, पाणी काढलेला पोहण्याचा हौद. मोठ्यांनी दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या आणि पोरांनी बळकावलेल्या या जागा. १९७० च्या दशकातल्या ब्रिटिश पंकमध्ये बेकारी होती, राणी होती, खराखुरा संताप होता. इथे शत्रू कोण म्हणाल, तर दुपार.

पटत नसेल तर ग्रीन डेचा 'लाँगव्ह्यू' (१९९४) बघा. दिग्दर्शक मार्क कोर. बँडची मंडळी तेव्हा ज्या तळघरात राहत होती, तिथेच चित्रीकरण झालं. गायक बिली जो आर्मस्ट्राँग सोफ्यावर बसून टीव्ही बघतो. बघतो, बसतो, परत बघतो आणि अखेरीस सोफ्याच्याच चिंध्या करतो. गोष्ट एवढीच. पुढच्या पंधरा वर्षांत आलेल्या व्हिडिओंचं बीज मला त्या सोफ्यात दिसतं.

बँड स्टेजवर का वाजवत नाही? छपरावर, अंगणात, गाडीवर का चढतो?

स्टेज आलं की बँड वर आणि आपण खाली. पॉप पंकला 'आम्ही शेजारचीच पोरं' हे नातं टिकवायचं असतं. म्हणून सिंपल प्लॅन 'परफेक्ट'मध्ये घराच्या छपरावर पावसात उभे राहतात. म्हणून 'स्केटर बॉय'मध्ये (२००२, दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स) एव्हरिल भर चौकात गाड्यांच्या टपावर चढून गाते, पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालतं आणि ती गिटारने गाडीची काच फोडते. वाहतूक अडवून गाणं म्हणायचं म्हणजे काय, हे गणपतीची मिरवणूक पाहिलेल्या आपल्या माणसाला नव्याने सांगावं लागत नाही. तिथे मात्र रस्ता हा फक्त गाड्यांचा. त्यावर माणसं जमली की तेच बंड.

रिकाम्या हौदाची गोष्ट जरा जुनी आहे. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, परसातले हौद कोरडे पडले आणि स्केटबोर्डवाल्या पोरांना त्यांच्या गोलाईदार भिंती सापडल्या. बऱ्याचदा चोरून, घरमालक कामावर गेल्यावर. पुढे हा हौद स्केटिंगचं देवस्थानच झाला आणि तिथून व्हिडिओत आला.

गिटारला वायर लावलेलीच नसते. मग आवाज कुठून येतो?

हिंदी सिनेमातली नायिका बर्फात गाते तेव्हा तुम्ही माइक शोधता का?

सगळे उड्या का मारतात? आणि ती उडी एवढी तरंगते कशी?

उडी ही या संगीताची मुद्रा आहे. मेटलवाला पाय रोवून मान हलवतो, पंकवाला जमीन सोडतो. गिटार मांडीपर्यंत खाली लोंबती, गुडघे छातीशी, चेहऱ्यावर वेडावल्याचा भाव. सहसा कोरस सुरू होतो त्या पहिल्या ठोक्यावर. वाजवायला सोपं संगीत असल्यामुळे हे जमतं हेही खरं. तबलजीला उड्या मारायला सांगून बघा.

तरंगण्याची युक्ती अशी. सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावायचं. गायकाने त्या वेगाने ओठ हलवायचे आणि कॅमेऱ्याने सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटी टिपायच्या. मग नेहमीच्या वेगाने दाखवलं की ओठ मूळ गाण्याशी बरोब्बर जुळतात, आणि केस, घाम, पावसाचे थेंब मात्र सावकाश पडतात. सेटवर ते गाणं चिरचिऱ्या खारीच्या आवाजात वाजतं आणि भारदस्त चेहऱ्याने त्यावर गाणाऱ्या माणसाकडे बघून हसू आवरत नाही.

नाक पुढे आणि कान मागे दिसणारा तो कॅमेरा कशासाठी?

त्या भिंगाला फिशआय म्हणतात, आणि ते स्केटिंगच्या व्हिडिओंमधून उचललेलं आहे. स्केटबोर्डची करामत टिपायची तर कॅमेरावाल्याला स्वतः बोर्डवर उभं राहून चाकांपासून वीतभर अंतरावर राहावं लागतं. इतक्या जवळून पाय, फळी आणि पायऱ्या एका चौकटीत बसवायच्या तर भिंग अतिशय रुंद हवं. १९९५ मध्ये सोनीचा व्हीएक्स-१००० हा हातात मावणारा डिजिटल कॅमेरा आला, त्यावर स्केटवाल्यांनी फिशआय चढवलं आणि तो एका पिढीचा डोळा बनला.

त्याच काळात हिप-हॉपच्या व्हिडिओंतही फिशआय होतं. हाइप विल्यम्स हा दिग्दर्शक त्यासाठी प्रसिद्ध. पण तिथे ते भिंग गायकाला अवाढव्य करतं आणि इथे विदूषक. एकच भिंग, पण एकाला सिंहासन देतं आणि दुसऱ्याला जत्रेतला आरसा.

हे लोक सतत दुसऱ्यांची टिंगल का करतात?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

ब्लिंक-१८२ ने १९९९ मध्ये मार्कोस सिएगा या दिग्दर्शकाबरोबर दोन व्हिडिओ केले. पहिल्या, 'व्हॉट्स माय एज अगेन'मध्ये, तिघेही लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून नागडे धावत सुटतात. दुसरा 'ऑल द स्मॉल थिंग्ज'. त्यात बॉय बँड आणि पॉप गायिकांच्या गाजलेल्या व्हिडिओंची ओळीने नक्कल आहे: विमान, समुद्रकिनारा, पांढरे कपडे, वाऱ्यावर उघडा शर्ट, छातीवर हात ठेवून केलेले हावभाव, किंचाळणाऱ्या चाहत्या. बॅकस्ट्रीट बॉईज, ब्रिटनी स्पिअर्स, क्रिस्टिना अगिलेरा, कुणालाही सोडलेलं नाही.

आता गंमत बघा. ज्या कार्यक्रमावर बॉय बँड्सची सत्ता, त्याच कार्यक्रमात त्यांच्या टिंगलीचा व्हिडिओ तुफान चालला आणि २००० सालच्या एमटीव्ही पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट ग्रुप व्हिडिओचं पारितोषिक मिळालं. किंचाळणाऱ्या चाहत्यांची नक्कल करता करता ब्लिंकला खऱ्याच किंचाळणाऱ्या चाहत्या लाभल्या. टिंगल करणाऱ्याला पालखीत बसवून मिरवलं, तसं.

टिंगलीला एक व्यावहारिक बाजूही आहे. पंकमध्ये 'विकला गेला' ही सगळ्यात मोठी शिवी. मोठ्या कंपनीच्या पैशाने चकचकीत व्हिडिओ काढणारा बँड ती शिवी खाणारच. मग चकचकीतपणाचीच थट्टा केली की दोन्ही साधतं: विमानही मिळतं आणि इज्जतही राहते. 'द रॉक शो'मध्ये (२००१) तर ब्लिंकने कंपनीकडून आलेला चेक वटवून ते पैसे रस्त्यावर उधळणं हाच व्हिडिओचा विषय केला. बोलिंग फॉर सूपसारख्या बँड्सनी नू-मेटलचे (मेटल आणि हिप-हॉपची भेसळ) आणि १९८० च्या दशकातले व्हिडिओ असेच धुतले. सम ४१ च्या 'इन टू डीप'मध्ये पिळदार शरीराच्या खेळाडूंसमोर ही काटकुळी पोरं सूर मारण्याच्या स्पर्धेत उतरतात.

आपल्याकडच्या गॅदरिंगला सरांची नक्कल करणारा मुलगा आठवा. ही कला त्याच कुळातली.

शाळा एवढी का लागते?

प्रेक्षक शाळेत असतो म्हणून. पण आपल्या नजरेतून इथे दोन गोष्टी निसटतात.

एक, लॉकर. आपल्याला लॉकर म्हटलं की बँक आठवते. अमेरिकन शाळेत वर्गच बदलत फिरावं लागतं, म्हणून पॅसेजमध्ये प्रत्येकाचं कपाट. त्यामुळे पॅसेज हा त्यांचा चव्हाटा: प्रेम, भांडण, अपमान, सगळं लॉकरसमोर. पैलवान खेळाडू, चीअरलीडर, चष्मिष्ट आणि आपला नायक यांची जातव्यवस्था तिथे पाच सेकंदांत मांडून होते.

दोन, गणवेश. माय केमिकल रोमान्सच्या 'आय अ‍ॅम नॉट ओके'मध्ये (दिग्दर्शक मार्क वेब) पोरं ब्लेझर आणि टाय घालून वावरतात आणि सगळा व्हिडिओ एखाद्या सिनेमाच्या ट्रेलरसारखा बांधलेला आहे. आपल्याला वाटतं, शाळाच आहे, गणवेश असणारच. तिथे मात्र बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नसतो. ब्लेझर-टाय म्हणजे पैसेवाल्यांची खासगी शाळा. म्हणजे कॅमेरा पहिल्याच क्षणी सांगत असतो की ही पोरं इथली नाहीत. आपण मात्र ते वाचतच नाही.

मग एव्हरिलच्या बनियनवर टाय कशाला?

त्याच कारणासाठी. टाय म्हणजे बाप, ऑफिस, मुख्याध्यापक. ती बनियनवर, ढिली, गाठ भलतीकडे घातली की शिस्तीचं बुजगावणं होतं.

बाकी कपड्यांचं थोडक्यात: गुडघ्याखाली येणाऱ्या कामगारी छापाच्या हाफ पँट, उंच पांढरे मोजे, टोकदार खिळ्यांचे पट्टे, जेलने उभे केलेले केस, मनगटावर घाम टिपायची पट्टी. बूट बहुधा व्हॅन्सचे. १९६६ मध्ये अ‍ॅनाहाइमला सुरू झालेली ही कंपनी स्केटवाल्यांमुळे नावारूपाला आली आणि १९९५ मध्ये सुरू झालेल्या वॉर्प्ड टूर या फिरत्या महोत्सवाला पुढे तिचंच नाव लागलं. व्हॅन्सवरच्या काळ्या-पांढऱ्या चौकड्यांना आणखी एक पूर्वज आहे. १९७९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये टू टोन हे स्का या मूळच्या जमैकन संगीताचं लेबल निघालं, तिथे त्या चौकड्या काळे आणि गोरे एकत्र वाजवतात याची खूण होत्या. कॅलिफोर्नियातल्या मॉलमध्ये पोचेपर्यंत त्या नुसत्या चौकड्या उरल्या.

काजळ कधी आलं?

साधारण २००४ नंतर, जेव्हा पॉप पंकच्या अंगणात इमोने, म्हणजे पंकच्याच हळव्या, दुःखी शाखेने, पथारी पसरली. व्हिडिओतलं ऊन गेलं. काळा, लाल आणि फिकट त्वचा हे तीन रंग उरले. अंगण जाऊन चर्च, सर्कस, स्मशान आलं. हसणं जाऊन अभिनय आला. फॉल आउट बॉयच्या 'शुगर, वी आर गोइन डाउन'मध्ये (२००५) डोक्यावर सांबरासारखी शिंगं असलेला मुलगा प्रेमात पडतो. नकोशा पोराची जुनीच गोष्ट, आता परीकथेच्या वेशात. पॅनिक! अ‍ॅट द डिस्कोच्या 'आय राइट सिन्स नॉट ट्रॅजेडीज'मध्ये लग्नात अख्खी सर्कस घुसते. दिग्दर्शक शेन ड्रेक. २००६ मध्ये या व्हिडिओला एमटीव्हीचा वर्षातला सर्वोत्कृष्ट व्हिडिओ हा मान मिळाला.

पुरुषांनी डोळ्यांत काजळ घालण्यावर तिथे मोठी चर्चा झाली. आपण तमाशातला नाच्या पाहिलेली माणसं, आपल्याला त्यात फार धक्का बसायला नको होता. तरी बसलाच. काजळ घालून क्लासला गेलेल्या माझ्या एका मित्राला त्याच्या आजीने विचारलं, "दृष्ट कुणाची लागली रे?"

या व्हिडिओंत मुली काय करतात?

बराच काळ, काहीच नाही. खिडकीतून बघतात, पार्टीत दारातून आत येतात, नायकाला सोडून पैलवानाबरोबर जातात. गाणं त्यांच्याबद्दल असतं, पण त्यांचा चेहरा चार सेकंदांहून जास्त टिकत नाही. सोडून गेलेली मुलगी खलनायिका आणि रडणारा मुलगा निष्पाप, ही मांडणी इतक्या वेळा येते की आता सलग दहा व्हिडिओ पाहवत नाहीत. माझं हे मत वयानुसार झालं असेल. विशीत मला त्यात काही खटकलं नव्हतं.

मुली केंद्रस्थानी आल्यावरही गोष्ट लगेच सुधारली नाही. एव्हरिलच्या 'गर्लफ्रेंड'मध्ये (२००७) ती स्वतःच तीन रूपांत आहे, आणि दोन मुलींच्या भांडणात चष्मेवाली हरते. यूट्यूबवर दहा कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला व्हिडिओ. पॅरामोरच्या 'मिझरी बिझनेस'मध्ये (२००७, पुन्हा शेन ड्रेक) शाळेच्या पॅसेजमध्ये एक मुलगी दुसरीची वेणी कापते, आणि शेवटी बँडची गायिका हेली विल्यम्स त्या कापणारीच्या चेहऱ्यावरचा मेकअप पुसून टाकते. दृश्य जबरदस्त आहे. पण दुष्ट कोण, तर नटलेली मुलगी. गाण्यातल्या एका ओळीवरून वाद झाल्यावर बँडने २०१८ मध्ये ते मैफलीत वाजवणं थांबवलं आणि २०२२ मध्ये परत सुरू केलं.

तरीही सम ४१ च्या 'फॅट लिप'मधलं (२००१) एक दृश्य विसरता येत नाही. स्केटच्या रॅम्पभोवती गर्दी आणि त्यात एका मुलीचं मुंडण चाललेलं. हसत, स्वतःच्या खुशीने. दोन-चार क्षणांचंच आहे, पण त्या व्हिडिओत पंक कुठे आहे असं विचारलं तर मी तिथे बोट ठेवीन.

मोठी माणसं कुठे असतात?

दारात हाताची घडी घालून. बाप, पोलीस, मॉलचा रखवालदार. त्यांना नाव नसतं, संवाद नसतो. अपवाद गुड शार्लटच्या 'गर्ल्स अँड बॉईज'चा: त्यात म्हातारे-म्हाताऱ्याच टवाळ पोरांसारखे हुंदडतात.

व्हिडिओ स्वस्तात काढल्यासारखे दिसतात. खरंच स्वस्त होते का?

सुरुवातीचे असतील. नंतरचे अजिबात नाहीत. हलता कॅमेरा, दाणेदार चित्र, भडक रंग हे मुद्दाम आणलेलं असतं. ग्रीन डेच्या 'बास्केट केस'चंच (१९९४) घ्या. कॅलिफोर्नियातल्या खऱ्याखुऱ्या मनोरुग्णालयाच्या इमारतीत तो आधी कृष्णधवल चित्रित झाला आणि रंग नंतर चढवले. म्हणून हिरवा आणि गुलाबी एवढे आजारी दिसतात. आणि दिग्दर्शकांची यादी बघा. मार्क वेबने पुढे स्पायडरमॅन केला, फ्रान्सिस लॉरेन्सने हंगर गेम्स. गॅरेजमधला गबाळेपणा हे कसबी लोकांचं काम होतं.

आपल्याकडे हे कसं पोचलं?

केबलने. १९९४ मध्ये चॅनल व्ही, १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया, २००५ मध्ये व्हीएच१. हिंदी गाण्यांच्या गर्दीत इंग्रजी व्हिडिओ बहुतेक रात्री लागायचे, आवाज कमी ठेवून बघायचे. त्यामुळे मला कित्येक गाण्यांची दृश्यं आधी पाठ झाली आणि शब्द फार नंतर कळले. ग्रीन डे स्वतः मुंबईत आले ते मार्च २०२५ मध्ये, महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी.

हे संकेत आज शिल्लक आहेत का?

आहेत, पण अवतरणचिन्हांत. ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या 'गुड फोर यू'मध्ये (२०२१, दिग्दर्शक पेट्रा कॉलिन्स) शाळा आहे, चीअरलीडर आहे, पण आता चीअरलीडरच संतापलेली आणि खोलीला आग लावणारी. त्या गाण्याच्या श्रेयनामावलीत नंतर 'मिझरी बिझनेस' लिहिणाऱ्या हेली विल्यम्स आणि जॉश फॅरो यांची नावं घातली गेली, म्हणजे नातं कागदावरही आलं. ब्लिंकने २०१६ मध्ये आपल्याच नागड्या धावण्याची नव्याने नक्कल केली, या वेळी धावणाऱ्या मुली. आणि मीट मी अ‍ॅट द ऑल्टरसारखे बँड, ज्यात गोरा मुलगा एकही नाही, तेच गॅरेज आणि त्याच उड्या घेऊन आले, तेव्हा त्या अंगणात आजवर कुणाला बोलावलंच नव्हतं हे उघड झालं.

शेवटी नेहमी काहीतरी मोडतंच का?

सोफा, काच, पार्टीचं घर, शाळेचं नृत्य. कंटाळ्याला दुसरा शेवट सुचत नाही. एकदा मात्र हा संकेत अंगावर आला. ब्लिंकचं 'स्टे टुगेदर फॉर द किड्स' हे बँडचा गिटारवादक-गायक टॉम डिलाँग याच्या आईवडिलांच्या घटस्फोटावरचं गाणं. दिग्दर्शक सॅम्युअल बेयर. बँड घरात वाजवतोय आणि क्रेनला टांगलेला लोखंडी गोळा ते घर पाडतोय, अशी कल्पना. चित्रीकरण सप्टेंबर २००१ चं. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यावर ती पडझड कुणालाच दाखववेना. व्हिडिओ पुन्हा काढला. घर तसंच मोडकं, पण गोळा नाही. पोरंच आत घुसतात आणि हातांनी भिंती फोडतात.